पाठ

आमची भेट कधी झाली नाही.
गाठ पडली, एवढंच.

तार्तूच्या प्रयोगशाळेत, नोव्हेंबरात,
दुपारी साडेतीनलाच अंधार काचेला टेकतो तेव्हा
माझ्या टेबलावर डबी आली :
हेल्वे तामेओक्स, वय एकसष्ट, विल्यान्दी.
आत तुरीच्या डाळीएवढे तीन तुकडे,
सहाव्या-सातव्या मणक्यामागून खरवडलेले.
आणि डॉक्टर कास्कच्या घाईच्या अक्षरात :
चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. पायांना पेडल लागेनात.

बाकीचं मला तिच्या नवऱ्याने सांगितलं.
ओल्लेव. फोन न करताच यायचा अहवालासाठी,
टोपी पिळत दारात उभा,
गाडी चालू ठेवून आल्यासारखा.

आधी नुसती पाठ दुखायची.
बटाटे काढले, सरपण रचलं, त्यानेच असेल.
मग एका रविवारी
खालचा बी-फ्लॅट तिच्या टाचेला भेटला नाही.
तिने वाकून पाहिलं
(चाळीस वर्षांत पहिल्यांदा)
तर पाय पेडलवरच होता,
सूरही वाजत होता.
फक्त तिला कोणी कळवलं नव्हतं.

पायांना जे पाठ होतं
ते पाठीतच कुठेतरी अडलं होतं.

गावच्या डॉक्टरने स्टेरॉइड दिलं.
भला माणूस. त्याच्या जागी मीही दिलं असतं.
आठ दिवसांत ती सज्ज्याचा जिना चढली,
ओल्लेवने शेजाऱ्यांना केक वाटला.
या गाठीची खोडच ही :
ओळख पटण्याआधी औषध मिळालं
की विरघळते, नाव न सांगता,
आणि पंधरवड्याने परत येते.

माझ्या काचेवर मेलेल्या पेशींचा चुरा होता,
थोडी चरबी.
मी लिहिलं : निदान करता येत नाही.
हे चार शब्द टाइप करायला अर्धा तास लागला.

कास्कचा फोन आला रात्री.
औषध चालू ठेवलं तर नाव हाती लागणार नाही,
बंद केलं तर पाय जातील.
किती दिवस हवेत तुला?
चार, मी म्हटलं,
दुकानात बटणं मागावीत तसं.

त्या चार दिवसांत
बधिरपणा तिच्या बरगड्यांपर्यंत चढला.
हे मला नंतर कळलं. विचारलं नव्हतं मी.

दुसऱ्या डबीत सापडल्या :
मोठ्या, निळ्या, खेटून उभ्या पेशी.
लसिकाग्रंथीत राहणाऱ्या या,
मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर कशाला आल्या?
इथे ना त्यांचं माहेर, ना सासर.
रंग टाकला, काठाकाठाने तपकिरी झाल्या,
आणि मी मोठ्याने म्हणाले, सापडलीस!
रिकाम्या खोलीत.
मग उठून हात धुतले, धुवायची गरज नसताना.
एकवीस वर्षांत माझ्या वाट्याला आलेला
अशा जागचा हा दुसरा लिम्फोमा.

पुढे सलाइनी झाल्या, किरणं झाली.
ते माझं खातं नाही.

मे महिन्यात विल्यान्दीला गेले,
मावशीकडे, असं स्वतःला सांगून.
चर्चमध्ये शेवटच्या ओळीत बसले, तिरकी मान करून.
सज्ज्यात ती, पाठमोरी, करड्या स्वेटरमध्ये.
त्या लोकरीखाली टाके कुठे संपतात
ते तिथे दोघांनाच ठाऊक होतं.

उजवा पाय ऐकत होता. डावा नाही.
डाव्याच्या जागी ओल्लेव,
गुडघ्यांवर बसलेला,
नमद्यात गुंडाळलेलं शिशाचं वजन
ती मान हलवेल तेव्हा पेडलवर ठेवायचा,
मान हलवेल तेव्हा उचलायचा.
बिचाऱ्याला सुराचं ज्ञान नाही.

स्तोत्र संपलं.
लोकांनी कोट चढवले, कोणी खोकलं,
आणि तो खालचा बी-फ्लॅट चालूच.
वजन अडकलं होतं कुठेतरी.
बाकाच्या लाकडातून तो माझ्या मणक्यांत येत राहिला,
एकेक मोजता यावा इतका संथ.
ओल्लेव वाकून झटत होता.
ती हात मांडीवर ठेवून बसून होती,
खाली बघत नव्हती.